स्पेनमध्ये शिकायला जाताय? सणांचं वेळापत्रक आधी लावा

स्पेनला निघताना माझ्या यादीत दोनच सण होते. एक टोमॅटोंचा, दुसरा बैलांचा. २०११ साली आलेल्या एका हिंदी सिनेमाने आमच्या पिढीला स्पेन दाखवला तो एवढाच. व्हॅलेन्सियाला उतरले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. घरमालकीणबाईंना मोठ्या उत्साहाने विचारलं, तर त्या म्हणाल्या, टोमॅटो मागच्याच आठवड्यात संपले की! आणि बैल तर जुलैतच पळून गेलेले. तिथलं शैक्षणिक वर्ष सप्टेंबर ते जून, आणि आपल्याला माहीत असलेले दोन्ही सण नेमके सुट्टीत.

पुढची दोन वर्षं मास्टर्स करता करता जे कळत गेलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते. स्पेनमधले सण मंडळांवर चालतात, अगदी आपल्या गणपतीसारखे. व्हॅलेन्सियात मंडळाला 'फाया' म्हणतात आणि त्याच्या जागेला 'कासाल', सेवियात 'एर्मान्दाद', कातालोनियात 'कोया', पाम्प्लोनात 'पेन्या'. वर्गणी, बैठका, रुसवेफुगवे, सगळं तसंच. चार दिवसांसाठी आलेला पर्यटक फुटपाथवरून बघतो. तुम्ही वर्षभर राहणार आहात, म्हणजे तुम्हाला आत जाता येईल. आत कसं जायचं, हा या लेखाचा खरा विषय आहे.

१. कॅलेंडर तीन थरांत लावा

"उद्या सुट्टी आहे का?" या प्रश्नाला स्पेनभर एक उत्तर मिळत नाही. वर्षाला जास्तीत जास्त १४ सार्वजनिक सुट्ट्या असतात. काही देशभर, काही त्या त्या स्वायत्त प्रांतापुरत्या, आणि दोन फक्त त्या गावाच्या. १२ ऑक्टोबरचा राष्ट्रीय दिन सगळीकडे असतो. पण ९ ऑक्टोबरची सुट्टी फक्त व्हॅलेन्सिया प्रांताला, आणि २२ जानेवारीची, सान विसेन्ते मार्तिरची, फक्त व्हॅलेन्सिया शहराला. यावर विद्यापीठांची आपली वेगळी भर. २८ जानेवारीच्या आसपास सांतो तोमास दे आकिनो, म्हणजे विद्यापीठांचा संत. शिवाय फॅकल्टीचेही संत असतात. विज्ञानवाल्यांचा सान आल्बेर्तो, १५ नोव्हेंबरला.

पहिल्याच आठवड्यात विद्यापीठाचं कॅलेंडर आणि महापालिकेची सुट्ट्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून मोबाइलमध्ये भरून टाका. ज्या शहरात सण बघायला जायचंय तिथली सुट्टी तुमच्या शहरात असेलच असं नाही. सेवियाची फेरिया, म्हणजे जत्रा, चालू असताना माद्रिदमध्ये तुमची प्रॅक्टिकल्स चालू असतात, आणि हजेरीच्या बाबतीत तिथले प्राध्यापक आपल्यापेक्षा कडक निघू शकतात.

'पुएन्ते' हा शब्द पाठ करून ठेवा. अर्थ आहे पूल. सुट्टी गुरुवारी आली की शुक्रवारही जोडून घ्यायचा आणि रविवारपर्यंत पूल बांधायचा. सगळ्यात मोठा पुएन्ते डिसेंबरात येतो. ६ तारखेला संविधान दिन, ८ ला मेरीचा सण इन्माकुलादा, आणि मधली ७ तारीख कुठल्याही कार्यालयात धरू नका. त्या दिवसांची रेल्वे-बस तिकिटं महिनाभर आधी काढा. घरात तांदूळ, दूध, भाजीही भरून ठेवा. पहिल्या वर्षी मी आणि माझ्या रूममेटने ८ डिसेंबरला दुपारी तिखटमीठ लावलेला ब्रेड खाल्ला आहे.

परीक्षांचाही हिशोब आत्ताच करा. पहिल्या सत्राच्या जानेवारीत, दुसऱ्याच्या मे-जूनमध्ये. नाताळची सुट्टी ६ जानेवारीला संपते आणि परीक्षा दारातच उभ्या असतात.

२. कागदपत्रं: सणाला निघण्याआधी काय हातात हवं

- टीआयई कार्ड, म्हणजे परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र. सहा महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यांनी स्पेनमध्ये आल्यापासून महिन्याभरात अर्ज करायचा असतो.
- 'एम्पाद्रोनामिएन्तो', म्हणजे महापालिकेत केलेली पत्त्याची नोंद. तिचा दाखला.
- आरोग्य विम्याचं कार्ड. आपत्कालीन फोन नंबरही पाकिटात, मोबाइलच्या बाहेर, कागदावर लिहिलेला.
- विद्यार्थी ओळखपत्र. सवलती यावरच मिळतात.
- पासपोर्टची झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो. कार्ड हातात आलं की मूळ पासपोर्ट गर्दीत नेऊ नका.

कार्डासाठी आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. त्याला 'सीता प्रेविया' म्हणतात आणि ती मिळवणं हाच एक सण आहे. मला मिळालेली वेळ पुएन्तेला चिकटून होती. गेले, तर दाराला कुलूप आणि आत झाडूवाली बाई. नवीन तारीख मिळाली पाच आठवड्यांनंतरची. वेळ घेताना ती तारीख तुमच्या तीन थरांच्या कॅलेंडरवर तपासा.

दुसरा सापळा दिवाळी किंवा लग्नासाठी घरी येणाऱ्यांचा. व्हिसाची किंवा जुन्या कार्डाची मुदत संपली आहे, नवीन कार्ड अजून हातात नाही, आणि मध्येच भारतात जाऊन यायचंय, तर 'आउतोरिसासिओन दे रेग्रेसो' नावाचा परतीचा परवाना आधी काढावा लागतो. तिकीट काढल्यावर हे कळलेली दोन मुलं मी बघितली आहेत.

३. सप्टेंबर: दहीहंडी चुकली म्हणून रडू नका

कातालोनियात जात असाल तर तुमचं नशीब जोरावर आहे. २४ सप्टेंबरला बार्सिलोनाची ग्रामदेवता, ला मेर्से. तिच्या उत्सवात चौकात मानवी मनोरे लागतात, त्यांना 'कास्तेल्स' म्हणतात. दहा थरांपर्यंत जातात. २०१० मध्ये युनेस्कोने त्यांना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

बघायला जाणं सोपं आहे, सकाळी लवकर पोचलं की झालं. पण मी सांगेन की थेट आत शिरा. बार्सिलोनात विद्यापीठांची स्वतःची पथकं आहेत. 'आरेप्लेगात्स' हे त्यातलं जुनं, आणि बेयातेर्राच्या स्वायत्त विद्यापीठाचं 'गानापिएस'. सरावाला नवख्यांचं स्वागतच असतं, कारण तळाच्या गोलाला, 'पिन्या'ला, माणसं कितीही आली तरी कमीच पडतात. भाषा येत नसेल तरी चालतं. हात कुठे ठेवायचे ते कोणीतरी धरून दाखवतं.

माझा ठाण्याचा एक मित्र बेयातेर्राला होता. लहानपणी गोविंदा पथकात वरच्या थराला चढलेला. त्याच्याबरोबर एका सरावाला गेले. कपाळ पुढच्याच्या पाठीला टेकलेलं, हात वर, मागच्याचा भार पाठीवर. काहीही दिसत नाही. दिसतात फक्त बूट. आणि मग ग्राया वाजायला लागते, आपल्या सनईच्या जवळचं, जरा कर्कश वाद्य. मित्र कानात म्हणाला, "आता ऐक, वर काय चाललंय ते हीच सांगते." मनोरा कुठवर चढला, टोकाच्या पोराने हात वर केला, उतरायला सुरुवात झाली, हे पिन्यातल्या माणसाला डोळ्यांनी कळतच नाही. चालीवरून कळतं. आपल्या दहीहंडीत हंडी फुटली की काम संपलं, मग थर कोसळले तरी जल्लोषच. इथे मनोरा व्यवस्थित उतरवला तरच पूर्ण धरतात. उतरवताना कोसळला तर नोंद वेगळी होते. माझ्या मित्राला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

बरोबर काय न्यायचं: मऊ बूट, खिसे रिकामे, चष्मा असेल तर काढून ठेवायची तयारी. कंबरेला बांधायचा 'फाइशा' नावाचा लांबलचक पट्टा सरावात मिळतो. तो दुसऱ्याने ताणून धरायचा आणि आपण गोल फिरत गुंडाळून घ्यायचा.

४. डिसेंबर-जानेवारी: द्राक्षं, लॉटरी आणि तीन राजे

२२ डिसेंबरला सकाळी नाताळच्या लॉटरीची सोडत. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे गाऊन दाखवतात, आणि देश टीव्हीसमोर बसतो. एका तिकिटाला 'देसिमो' म्हणतात, किंमत २० युरो. ऑफिसात, लॅबमध्ये, कोपऱ्यावरच्या बारमध्ये सगळ्यांनी मिळून एकच नंबर घ्यायची पद्धत आहे. जुगार आवडत नसला तरी लॅबच्या नंबरात भाग घ्या, म्हणजे त्या दिवशी तुम्ही त्यांच्यातले.

३१ डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्यांबरोबर बारा द्राक्षं. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातलं घड्याळ टीव्हीवर दाखवतात. सापळा असा की खऱ्या बारा ठोक्यांआधी चार दुहेरी टोले पडतात, त्यांना 'क्वार्तोस' म्हणतात. नवखा माणूस तिथेच खायला सुरुवात करतो. मी केली. खऱ्या ठोक्यांना माझ्याकडे आठच द्राक्षं उरली होती. बिया काढलेली, सोललेली बारा द्राक्षं मोजून भरलेले छोटे डबे दुकानात मिळतात, ते घ्या. पुएर्ता देल सोलला ३० तारखेला रंगीत तालीम होते, तिथे गर्दी कमी असते. सालामान्कात असाल तर आणखी मजा. डिसेंबरच्या मध्यावर एका गुरुवारी तिथे विद्यार्थ्यांचं वेगळं 'नववर्ष' असतं, कारण ३१ ला सगळे आपापल्या घरी गेलेले असतात.

५ जानेवारीला संध्याकाळी, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांची मिरवणूक. रथांवरून गोळ्या-चॉकलेटं उधळतात, आणि अनुभवी आज्या छत्री उलटी धरून उभ्या राहतात. तुम्हीही छत्री न्या. ६ तारखेला 'रोस्कोन' हा गोल केक कापतात. आत एक छोटी मूर्ती आणि एक वाळलेला वालाचा दाणा लपवलेला असतो. मूर्ती मिळाली तर तुम्ही राजा, दाणा मिळाला तर रोस्कोनचे पैसे तुमचे. दात सांभाळून खा.

५. मध्येच पोटाचं

शाकाहारी असाल तर हे सणांपेक्षा महत्त्वाचं. नाताळात सगळे प्रेमाने हातावर ठेवतात ते 'पोल्वोरोन' आणि 'मान्तेकादो' दिसायला नानकटाईसारखे, तोंडात टाकले की विरघळणारे. पारंपरिक कृतीत ते डुकराच्या चरबीत करतात. मायोर्काची 'एन्साइमादा' तशीच. 'सांडविच वेखेताल' म्हणजे भाज्यांचं सँडविच असं समजून घेतलंत तर आत बहुतेक ट्यूना नाहीतर अंडं निघेल. आणि 'मांस नको' म्हटलं तरी हॅम येतं, कारण बऱ्याच जणांच्या लेखी हॅम हे मांस नव्हेच. म्हणून पूर्ण वाक्य पाठ करा: "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन." मांस नको, मासे नकोत, हॅमही नको.

बिनधास्त खाण्यासारखं: सेवियात पालक-छोल्यांची भाजी, 'एस्पिनाकास कोन गार्बान्सोस', जिऱ्याच्या वासाने डोळ्यांत पाणी येईल. कातालोनियात हिवाळ्याच्या शेवटी 'काल्सोत', म्हणजे जाडजूड कांद्याची पात जाळावर काळी करून, सोलून, रोमेस्को चटणीत बुडवून. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया, म्हणजे जाड ऑम्लेट, कुठेही. मासे-मटण खाणाऱ्यांना अर्थातच चैन आहे, फक्त व्हॅलेन्सियाच्या अस्सल पायेयात, म्हणजे तिथल्या कढईतल्या भातात, कोंबडीबरोबर ससा असतो, एवढं माहीत असू द्या.

६. मार्च: फायास, आणि मंडळात शिरायची रीत

आता माझ्या गल्लीत या. सुतारांचा संत सान होसे, त्याचा दिवस १९ मार्च. व्हॅलेन्सियात त्या निमित्ताने चौकाचौकांत पुतळ्यांचे प्रचंड देखावे उभे राहतात. राजकारणी, फुटबॉलवाले, महापौर, कोणालाही सोडत नाहीत. शहरात अशी साडेतीनशेहून जास्त मंडळं आहेत. वर्षभर वर्गणी काढून, कारागिरांना महिनोन्‌महिने राबवून जे उभं करतात, ते १९ च्या रात्री जाळून टाकतात. विसर्जन बघत वाढलेल्या माणसाला याचं फारसं नवल वाटत नाही. उलट मला नवल वाटलं ते थर्माकोल जळतानाच्या काळ्या धुराचं. आपल्याकडे मखरातल्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे. तिथेही यावर वाद चालू आहे, आणि काही कारागीर पुन्हा लाकडाकडे वळले आहेत.

क्रम असा. १ ते १९ मार्च रोज दुपारी २ वाजता महापालिकेच्या चौकात 'मास्कलेता'. १५ ला देखावे पूर्ण उभे. १७ आणि १८ ला फुलांची अर्पणयात्रा. १८ च्या रात्री आतषबाजी. १९ ला रात्री 'क्रेमा', म्हणजे दहन. आधी मुलांचे छोटे देखावे, मग मोठे, आणि महापालिकेचा सगळ्यात शेवटी. दरवर्षी लोकांच्या मताने एक पुतळा वाचवतात, तो संग्रहालयात जातो. २०१६ पासून हा सण युनेस्कोच्या यादीत आहे.

मास्कलेताविषयी जरा थांबून सांगते, कारण भर दुपारी फटाके कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. ते बघायचे नसतातच. ऐकायचे असतात. बाल्कनीतून त्या वर्षीची मानकरी मुलगी व्हॅलेन्सियन भाषेत ओरडते, "सेन्योर पिरोतेक्निक, पोत कोमेन्सार ला मास्कलेता!" आतषबाजीवाले महाशय, करा सुरुवात. आधी सुटे बार, मग त्यांना ताल येतो, मग तो ताल दुप्पट होतो, आणि शेवटी जमिनीवरून जो गडगडाट उठतो त्याला ते 'भूकंप'च म्हणतात. ढोलपथक अगदी छातीसमोरून जातं तेव्हा बरगड्या वाजतात ना, तसं, पण चौकभर. मी कानात बोटं घालून उभी होते. शेजारच्या आजोबांनी माझी बोटं काढली आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे कानावर ताण कमी येतो. संपल्यावर पहिल्यांदा टाळ्या, मग दारूचा धूर, मग आजोबांची समीक्षा: "मधला भाग लांबला." तासभर आधी पोचा. मेट्रोने जात असाल तर एक स्टेशन आधी उतरून चालत जा.

आता मंडळात शिरायचं कसं. मी बेनिमाक्लेतला राहत होते, तिथे विद्यार्थीवस्ती मोठी. कोपऱ्यावरच्या कासालचं शटर फेब्रुवारीपासून रोज संध्याकाळी अर्धं उघडं दिसायचं. एकदा डोकावले. आत पत्रावळ्यांसारख्या कागदी ताटल्यांचे गठ्ठे आणि टेबलं लावणाऱ्या बायका. मी मोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, "काही मदत करू का?" बस, एवढंच. पुढचा अर्धा तास मी ताटल्या मोजत होते, आणि १६ मार्चला रस्त्यावर चुली पेटवून पायेया शिजल्या तेव्हा माझ्यासाठी बाजूला बिनमांसाची एक छोटी कढई होती. वर्गणी भरून सभासद होता येतं, पण ते एका वर्षासाठी महाग पडतं. मदतनीस म्हणून जा. "बघू का?" असं विचाराल तर "बघा" म्हणतील, आणि तुम्ही बाहेरच राहाल.

खाणं: भोपळ्याचे 'बुन्युएलोस'. घारगे खाल्लेल्या माणसाला लगेच ओळख पटते, फक्त हे हलके, मध्ये भोक असलेले आणि वरून साखर. सोबत घट्ट गरम चॉकलेट.

सापळे: सकाळी ८ ला 'देस्पेर्ता', म्हणजे बँड आणि फटाके वाजवत गल्लीला उठवणं. रात्री तीनला झोपलात तरी उठावंच लागतं. रस्ते बंद, बसचे मार्ग बदललेले. पाच-सहा वर्षांची मुलंही फटाके टाकतात, तेव्हा नायलॉनचे कपडे आणि उघड्या चपला नकोत. त्या आठवड्यात घर बदलायचं किंवा विमान पकडायचं असं काही ठरवू नका.

७. सेविया: आधी मेणबत्त्या, मग झगे

सेमाना सांता म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा. तारीख चंद्रावर ठरते, त्यामुळे पुष्कळदा तो हनुमान जयंतीच्या आगेमागे येतो, आणि मिरवणुकीवर जवळजवळ भरलेला चंद्र असतो. ईस्टर २०२६ मध्ये ५ एप्रिलला, २०२७ मध्ये २८ मार्चला. म्हणजे २०२७ ला फायास १९ मार्चला संपतात आणि २१ ला पाम संडे, म्हणजे सेमाना सांताचा पहिला दिवस. दोन्ही एकाच फेरीत जमतील, पण तिकिटं जानेवारीतच काढा.

पहिली गोष्ट: टोकदार टोप्या आणि झाकलेले चेहरे बघून दचकू नका. अमेरिकेतल्या कु क्लक्स क्लॅनच्या वंशद्वेष्ट्यांशी याचा संबंध नाही. ही प्रायश्चित्त घेणाऱ्यांची वेशभूषा त्यांच्या कितीतरी आधीची आहे. दुसरी गोष्ट: मूर्ती ज्यावर असते तो 'पासो' माणसं वाहतात. आत पडद्याखाली, मानेवर. बाहेरून फक्त त्यांचे पाय दिसतात. पुढचा मुकादम धातूचा ठोका वाजवतो आणि सगळे एका दमात उचलतात. मध्येच एखाद्या बाल्कनीतून कोणी 'साएता' हे भक्तिगीत गायला लागलं की हजारो माणसं एका क्षणात गप्प. तेव्हा फोन खाली ठेवा.

गुरुवारच्या रात्रीपासून शुक्रवारच्या सकाळपर्यंतची 'मादरुगा' ही मुख्य रात्र. माकारेना, त्रियानाची एस्पेरान्सा, ग्रान पोदेर, सगळ्या गाजलेल्या मूर्ती त्याच रात्री बाहेर. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने मंगळवार-बुधवार धरावा, असं माझं मत. एखाद्या मंडळाची मूर्ती स्वतःच्या वस्तीत परत येते, ती वेळ गाठा. छापील वेळापत्रक बारमध्ये फुकट मिळतं. पाऊस आला तर मिरवणूक रद्द होते, आणि मोठी माणसं चर्चच्या दारात अक्षरशः रडतात. मुलांकडे बघा: हातात चांदीच्या कागदाचा गोळा घेऊन ती मिरवणुकीतल्यांकडे मेण मागत फिरतात. थेंब थेंब जमवून तो गोळा वर्षावर्षाला मोठा होतो. रस्त्यावरही इतकं मेण सांडतं की पुढचे काही दिवस गाड्यांची चाकं करकरतात.

ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी फेरिया. १८४७ मध्ये गुरांचा बाजार म्हणून सुरू झाली. आता हजाराहून जास्त पट्टेदार तंबू, 'कासेता', आणि त्यातले बहुतेक खाजगी. मी पहिल्या वर्षी टी-शर्ट, पाठीला सॅक अशा अवतारात गेले. एका दारावरच्या माणसाने नम्रपणे विचारलं, "कोणाच्या?" मी कोणाचीच नव्हते. पिवळ्या मातीत तीन तास फिरले, आतली गाणी बाहेरून ऐकली, आणि परत आले. हे टाळायचं तर:

- वर्गातल्या सेवियाकराला आधी महिनाभर विचारून ठेवा. आमंत्रण मिळालं तर वेळेवर जा आणि एखादी फेरी तुम्ही पाजा.
- नाहीतर महापालिकेच्या आणि वॉर्डांच्या खुल्या कासेता शोधा. तिथे कोणीही जाऊ शकतं.
- कपडे नीट. मुलींनी फ्लामेंको झगाच घालायला हवा असं नाही. दुसऱ्या वर्षी मी आईची पैठणी नेसून गेले आणि दारावरच्या माणसाने काहीच विचारलं नाही.
- सेवियानास नाचाचे चार भाग असतात. पहिला तरी यूट्यूबवर शिकून जा.
- 'रेबुखितो' हे पेय सरबतासारखं लागतं, पण त्यात वाइन असते. उन्हात चढतं.

राहायचं कुठे? या दोन आठवड्यांत सेवियातल्या खोल्यांचे भाव विद्यार्थ्याच्या आवाक्यात नसतात. आम्ही अदलाबदल केली. सेवियात शिकणारी मैत्रीण फायासला माझ्या खोलीत जमिनीवर झोपली, सेमाना सांताला मी तिच्या. ऑक्टोबरातच असा एक माणूस प्रत्येक शहरात हेरून ठेवा.

८. खर्च नको, रांग नको असे

२३ एप्रिल, सान जोर्दी, बार्सिलोना. सुट्टी नसते, तरी शहर रस्त्यावर. एकमेकांना गुलाब आणि पुस्तक द्यायचं. लेक्चर संपवून जा. मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोर्दोबातले लोक आपल्या घरांची फुलांनी भरलेली अंगणं उघडतात, फुकट. सकाळी जा, आठवड्याच्या मधल्या वारी. १५ मे, माद्रिदचा सान इसिद्रो: शेतकऱ्यांचा संत, मैदानात डबे घेऊन बसलेली कुटुंबं. तिथली खायची गोड कडी 'तोन्तास' म्हणजे खुळी आणि 'लिस्तास' म्हणजे हुशार अशा नावांची असतात. हुशारांवर साखरेचा पाक. मला खुळी आवडली.

९. ते दोन प्रसिद्ध सण

सुट्टीत थांबणारच असाल तर. पाम्प्लोनाचा सान फेर्मिन ६ ते १४ जुलै. ६ ला दुपारी १२ वाजता रॉकेट उडतं. लाल रुमाल त्याआधी मानेला बांधू नका, मनगटाला ठेवा. ७ पासून रोज सकाळी ८ ला बैलांची धाव, साधारण ८५० मीटर. १९१० पासूनच्या नोंदीत १६ जण मेले आहेत. माझं स्पष्ट मत: पळू नका. १८ वर्षांखाली तर परवानगीच नाही, आणि विद्यार्थी विम्याच्या अटी अशा वेळी काय म्हणतात ते वाचून बघा. सकाळी धावलेले बैल त्याच संध्याकाळी रिंगणात मारले जातात, हेही माहीत असू द्या. मी धाव कुंपणामागून एकदा बघितली आणि बाकीच्या सकाळी राक्षसांच्या मिरवणुकीमागे फिरले. राजाराण्यांचे उंच पुतळे गिरक्या घेत नाचतात, आणि मोठ्या डोक्याचे सोंगाडे स्पंजाच्या सोट्याने पोरांना बदडतात.

ला तोमातिना: बुन्योल गाव, ऑगस्टचा शेवटचा बुधवार. १९४५ मध्ये सुरुवात, २०१३ पासून तिकीट. तिकीट आधी ऑनलाइन काढा. खेळ तासाभराचा. टोमॅटो फेकण्याआधी हातात चुरडायचा, हा नियम. पोहण्याचा चष्मा, फेकून द्यायचे कपडे, बंद बूट. नंतर गावातले लोक दारात पाइप घेऊन उभे राहतात आणि तुम्हाला धुऊन देतात.

सगळ्याच गर्दीच्या सणांत: फोन पुढच्या खिशात. उघड्यावर दारू पिण्याला अनेक शहरांत दंड आहे. मुलींसाठी, 'पुन्तो व्हियोलेता' असा जांभळा फलक असलेला मदतकक्ष पोचल्या पोचल्या हेरून ठेवा. छेडछाड झाली तर तिथे जा. आणीबाणीचा नंबर ११२.

१०. परतीचं तिकीट

२३ जूनची रात्र, सान हुआन. वर्षातल्या सगळ्यात लहान रात्रींपैकी एक. व्हॅलेन्सियात माल्वार्रोसाच्या किनाऱ्यावर शेकोट्या, परीक्षा संपलेल्या, नोट्स जाळणारी मुलं. बारा वाजता समुद्रात पाय घालून लाटांवरून उड्या मारायच्या. आलिकान्तेत मोठे देखावे २४ च्या रात्री जाळतात, आ कोरुन्यात अख्खा किनारा पेटलेला असतो. जाताना काचेची बाटली नको, आणि शेकोटीवरून उडी मारणार असाल तर सुती कपडे. विमानाचं तिकीट २५ नंतरचं काढा.

पहिल्या वर्षी मी २२ चं काढलं होतं.